संकेतस्थळाची किल्ली कोणाच्या खिशात?

विहार समित्या, वाचनालये, वसतिगृहे, विद्यार्थी संघटना या सर्वांना आता स्वतःचे संकेतस्थळ हवे आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण बैठकीत चर्चा होते ती निळा रंग किती गडद असावा आणि बाबासाहेबांचे छायाचित्र कुठे असावे याची. संकेतस्थळ कोणत्या सॉफ्टवेअरवर उभे राहणार, हा विषय ‘पोरं बघून घेतील’ म्हणून सोडून दिला जातो. आम्हाला हे मान्य नाही. हा मालकीचा प्रश्न आहे.

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊनही छापली नव्हती. पुढे बाबासाहेबांनी नुसती पत्रे काढली नाहीत, तर स्वतःचा छापखानाही उभा केला. आपण मात्र उलट्या दिशेने गेलो. खैरलांजीच्या वेळी, २००६ साली, प्रस्थापित माध्यमे गप्प होती आणि आपले तरुण इंटरनेटवर लिहीत होते. पण लिहिले कुठे? परक्याच्या ओट्यावर. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, याहू ग्रुप्स २०२० साली. ओटा गेला आणि त्यावरचे लिखाणही गेले. आज तीच मंडळी फेसबुकच्या पानाला ‘आपले संकेतस्थळ’ म्हणतात!

म्हणून मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. मजकूर सांभाळणारी अशी प्रणाली असली की टंकलेखन येणारा कोणताही कार्यकर्ता पत्रक, छायाचित्र, अहवाल स्वतः चढवू शकतो. दरवेळी प्रोग्रामरचे पाय धरावे लागत नाहीत. वर्डप्रेस, जूमला आणि द्रुपल ही त्यातली तीन जुनी नावे. तिन्ही जीपीएल या परवान्याखाली मिळतात. म्हणजे ती कोणीही वापरावीत, उघडून पाहावीत, बदलावीत आणि बदललेली प्रत त्याच अटीवर दुसऱ्याला द्यावी. वकील म्हणून आम्ही पुष्कळ करारनामे वाचले. बहुतेक करार दुसऱ्याचे हात बांधण्यासाठीच लिहिलेले असतात. घेणाऱ्याचे हात मोकळे राहावेत म्हणून लिहिलेला असा दस्तऐवज क्वचितच दिसतो.

पण संहिता मोकळी असली म्हणजे सगळेच मोकळे झाले, या भ्रमात राहू नये. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्यात ‘वर्डप्रेस’ या व्यापारचिन्हावरून जुंपली. मुलेनवेग यांच्या बाजूने कंपनीच्या उत्पन्नाचा आठ टक्के वाटा मागितला गेला. कंपनीने नकार दिला, तेव्हा सुधारित आवृत्त्या जिथून मिळतात त्या केंद्राचे दार तिला बंद झाले. ते केंद्र कोणत्याही संस्थेचे नसून आपले व्यक्तिगत आहे, असे खुद्द मुलेनवेग यांनीच सांगितले! ऑक्टोबरमध्ये कंपनीची एक लोकप्रिय जोडणीही तिच्याकडून काढून घेण्यात आली. अखेर १० डिसेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातील न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन दार उघडायला लावले. मोठ्या कंपनीजवळ वकिलांची फौज होती. आपल्या विहार समितीजवळ काय असणार?

याच्या बाजूला जूमलाची गोष्ट ठेवून पाहावी. २००५ साली मॅम्बो नावाच्या प्रणालीच्या कारभारावरून तिचे मुख्य प्रोग्रामर आणि मालक कंपनी यांच्यात मतभेद झाले. प्रोग्रामर बाहेर पडले. नाव कंपनीकडे राहिले, संहिता मात्र परवान्याच्या बळावर त्यांना सोबत नेता आली. नवे नाव स्वाहिलीतून घेतले. अर्थ, सगळे मिळून. (आपल्याकडे या शब्दाला अलीकडे वेगळाच अर्थ आला, त्याला ते काय करणार?) फूट आम्हालाही नवी नाही. पण आमच्या फुटीत दोन्ही गट नावासाठी आणि चिन्हासाठी भांडतात. पुस्तके, कागदपत्रे आणि कार्यकर्ते मात्र वाऱ्यावर राहतात.

मग निवडावे काय? दहा पानांचे, वर्षातून दोनदा बदलणारे संकेतस्थळ असेल तर यातले काहीच नको. साधी एचटीएमएल पाने पुरेत. त्यांत सेंधमारीला फटही कमी. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषा हव्या असतील तर जूमलात ती सोय मुळातच आहे. वर्डप्रेसला त्यासाठी वेगळी जोडणी लागते. द्रुपल बळकट आहे, पण जाणकार माणूस कायम हाताशी हवा. राहिले वर्डप्रेस. वर सांगितलेला वाद लक्षात घेऊनही सामान्य वाचनालयाला आम्ही तेच सुचवू, कारण ते येणारा मुलगा-मुलगी तालुक्याच्या गावीही सापडते. मात्र जोडण्या मोजक्याच घ्याव्यात. न सुधारलेल्या जोडणीतूनच बहुधा चोर शिरतो.

आणि सगळा डेटा दर महिन्याला उतरवून दोन ठिकाणी ठेवावा, एक प्रत पदाधिकाऱ्याच्या घराबाहेर.

आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणात संस्थेचे डोमेन-नाव ज्या कार्यकर्त्याने स्वतःच्या ईमेलवरून घेतले होते, तो रुसून दुसऱ्या गटात गेला. सॉफ्टवेअर मुक्त, दार मात्र त्याच्या खिशात! म्हणून डोमेन संस्थेच्या नावावर घ्यावे, ईमेलही संस्थेचाच असावा, आणि पासवर्ड अध्यक्ष व सचिव दोघांकडे लेखी असावा. ज्याच्याकडून रचना करून घ्याल त्याच्याकडून हक्क लेखी करून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तोंडी हस्तांतर चालत नाही.

बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मूळ लेखनावरील कॉपीराइट २०१६ अखेर संपला आहे, ते निर्धास्त चढवावे. अनुवादकाचा हक्क मात्र वेगळा असतो, तो तपासावा. कृतिदेव किंवा श्री-लिपीत टंकलेली जुनी पत्रके आधी युनिकोडमध्ये आणावी लागतील. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालायला एक शांत माणूस बसवावा, बहुतेक चुका तिथेच राहतात.