एका मृत्यूला एकच कारण?

वर्धा जिल्ह्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की, दुःखातून सावरण्याआधीच त्याच्या कुटुंबाला एका प्रश्नाला सामोरे जावे लागते : हे प्रकरण मदतीस पात्र की अपात्र? राज्य शासनाच्या निकषांनुसार नापिकी, कर्जाची परतफेड करता न येणे आणि वसुलीचा तगादा ही कारणे सिद्ध झाली, तर वारसांना १ लाख रुपयांची मदत मिळते. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती घेते. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धाही होता. अशा जिल्ह्यात हा प्रश्न केवळ कागदोपत्री राहत नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी शालेय गणितातील एक साधी संकल्पना आहे. ज्या दोन घटना एकाच वेळी घडणे अशक्य असते, त्यांना 'परस्पर अपवर्जी घटना' म्हणतात. त्या ओळखण्याची कसोटी एवढीच की, दोन्हींमध्ये समाईक असे काही आहे का? एक फासा टाकल्यावर सम आणि विषम संख्या एकाच वेळी पडू शकत नाही. या घटना परस्पर अपवर्जी आहेत. सम संख्या आणि मूळ संख्या यांचे मात्र तसे नाही, कारण २ ही संख्या सम आहे आणि मूळही. येथे दोन्हींच्या प्रत्येकी ३ शक्यतांची सरळ बेरीज केली, तर उत्तर ६ पैकी ६ येते. म्हणजे सम किंवा मूळ संख्या हमखास पडणार, असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात १ ही संख्या सम नाही आणि मूळही नाही. खरे उत्तर ६ पैकी ५ आहे. २ ही संख्या दोनदा मोजल्याने ही चूक होते.

'पात्र' आणि 'अपात्र' हे दोन निर्णय परस्पर अपवर्जी आहेत, याबद्दल वाद नाही. गफलत होते ती कारणांच्या बाबतीत. 'कर्ज', 'आजारपण', 'कौटुंबिक कलह' आणि 'व्यसन' हे जणू वेगवेगळे कप्पे आहेत, असे गृहीत धरले जाते. समजा, एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचे कपाशीचे पीक पावसाअभावी गेले. बँकेचे कर्ज थकले. घरातील आजारपणासाठी सावकाराकडून उसने घ्यावे लागले आणि त्यावरून घरात वाद झाला. यांतील कोणते कारण खरे? सर्वच खरी आहेत. अहवालात 'कौटुंबिक वाद' अशी नोंद झाली म्हणून कर्ज नाहीसे होत नाही. एक कारण आढळल्याने दुसरे आपोआप बाद होते, हा तर्क परस्पर अपवर्जी घटनांनाच लागू पडतो. तो येथे लावणे म्हणजे नियमाचा गैरवापर होय.

हा दोष केवळ जिल्हा पातळीवरचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीतही प्रत्येक मृत्यू एकाच कारणाखाली मोजला जातो. या विभागानुसार २०१४ मध्ये देशातील शेतकरी आत्महत्यांपैकी २०.६ टक्के कर्जबाजारीपणामुळे, तर २०.१ टक्के कौटुंबिक समस्यांमुळे झाल्या. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, कर्जबाजारीपणाचा वाटा ३८.७ टक्क्यांवर गेला. या वाढीत संकट किती वाढले आणि नोंदीचा कप्पा किती बदलला, हे अशा वर्गीकरणातून वेगळे काढता येत नाही. कप्पे एकमेकांत मिसळलेले असताना त्यांची बेरीज बरोबर १०० करून दाखवणे, हीच मूळ अडचण आहे.

त्यावरील उपाय अवघड नाही. नोंदीत एकाच कारणाऐवजी लागू असलेली सर्व कारणे नमूद करावीत. त्यांच्या टक्केवारीची बेरीज १०० हून अधिक भरेल. त्यात गणिताची चूक नसेल, उलट वास्तव अधिक नेमके दिसेल. तसेच निकषातील एखादे कारण सिद्ध होत असेल, तर इतर कारणांच्या उपस्थितीमुळे ते नाकारले जाऊ नये, हे तपासणाऱ्या यंत्रणेला स्पष्टपणे सांगावे लागेल. सेलू, देवळी वा हिंगणघाट तालुक्यातील एखाद्या विधवेसाठी हा संकल्पनेचा काथ्याकूट नसतो. मुलांचे शिक्षण आणि पुढच्या हंगामाचे बियाणे त्यावर अवलंबून असते.