तत्काळ तिकीट: तुमचं बोट आणि त्यांचा बॉट

सकाळचे १० वाजतात. ॲप उघडं असतं, प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये आधीच भरून ठेवलेली असतात. तरी पेमेंटपर्यंत पोहोचेस्तोवर वेटिंग! गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मग प्रश्न ठरलेला: एजंटला मिळतं, मला का नाही?

कारण अनेकदा समोर माणूस नसतोच, स्क्रिप्ट असते. जून २०२५ मध्ये रेल्वेनेच सांगितलं की तत्काळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असतात. अडीच कोटी संशयास्पद आयडी बंद केल्याचंही तेव्हाच जाहीर झालं.

हे चालतं कसं? एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला चालवतो, बस. कल्पना जुनी आहे. १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी 'एक्स्पेक्ट' नावाचं टूल आणलं. समोरच्या प्रोग्रामने पासवर्ड विचारला की ठरलेलं उत्तर टाइप करायचं, मग पुढच्या प्रश्नाची वाट बघायची. त्या बिचाऱ्या प्रोग्रामला वाटतं, कीबोर्डवर माणूसच बसलाय. ब्राउझरमध्ये हेच काम सेलेनियम करतं: हा रकाना दिसला की नाव भर, ते बटण आलं की दाब. हे काही चोरांचं हत्यार नाही. वेबसाइट नीट चालते का हे तपासायला टेस्टर मंडळी ते रोज वापरतात.

गोची अशी की सर्व्हरला तुमचं बोट दिसत नाही, त्याच्यापर्यंत फक्त इनपुट पोहोचतं. कॅप्चा लावला, तर तो वाचणारी सॉफ्टवेअर्स आली. फॉर्म भरायला किमान इतका वेळ लागलाच पाहिजे अशी अट घातली, तर स्क्रिप्टमध्ये 'थांब' अशी एक ओळ वाढवली की झालं. डिसेंबर २०१७ मध्ये सीबीआयने असं सॉफ्टवेअर बनवल्याच्या आरोपावरून स्वतःच्याच एका सहायक प्रोग्रामरला अटक केली होती. तो आधी आयआरसीटीसीत नोकरीला होता!

म्हणून रेल्वेने प्रश्नच बदलला. 'हा माणूस आहे का?' ऐवजी 'हा कोण आहे?' १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ फक्त आधारने पडताळलेल्या खात्यांना, १५ जुलैपासून त्यावर आधार ओटीपी, आणि पहिली ३० मिनिटं अधिकृत एजंटांना बंदी. माझ्या मते दिशा बरोबर आहे. खोटे ईमेल वापरून हजार आयडी काढणं स्वस्त होतं, हजार आधार जमवणं तितकं सोपं नाही. पण ओटीपी हेही शेवटी इनपुटच. तो फोनवर येतो, आणि फोनवरचं दुसरं एखादं ॲप तो वाचून टाइप करू शकत असेल, तर ही भिंतसुद्धा पातळ होते.

इथे विषय तुमच्या खिशात येतो. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाची परवानगी आहे. दिसायला किंवा हात वापरायला अडचण असणाऱ्यांसाठी ती बनवली. ती मिळालेलं ॲप दुसऱ्या ॲपचा स्क्रीन वाचू शकतं, त्यावर टॅपही करू शकतं. म्हणजे एक्स्पेक्टचीच युक्ती, फक्त टचस्क्रीनवर. बँकिंग ट्रोजन नेमकी हीच परवानगी मागतात. 'हमखास तत्काळ' म्हणत कुणी एपीके पाठवली आणि तुम्ही ही परवानगी दिली, तर ते ॲप रेल्वेच्याच फॉर्मवर थांबेल याची खात्री कोण देणार? अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ती सहज मिळत नाही. 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' असा मेसेज येतो. तो ओलांडायला कुणी स्क्रीनशॉट पाठवून शिकवत असेल, तर तिथेच थांबा.

सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी उघडा आणि कुठली ॲप्स चालू आहेत ते बघा. ओळखीचं नसेल ते आत्ताच बंद करा. दहा वाजायची वाट बघू नका.