काऊबॉय टेक्सासचा, गुराखी कंधारचा

मंडळी, ऑनसाईटला गेलेल्या आपल्या माणसाचा एक ठरलेला फोटो असतो. टेक्सासमधलं फोर्ट वर्थ, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि मागे लांबलचक शिंगांची गुरं. तिथं 1999 पासून दिवसातून दोनदा लाँगहॉर्नचा कळप रस्त्यावरून नेतात, सोबत घोड्यावर काऊबॉय. हाच माणूस दिवाळीत नायगावला येतो आणि म्हणतो, "आपल्याकडं बघायला आहेच काय?"

आहे की! आपल्याच जिल्ह्यात कंधार आहे. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं गाव, भोवती खंदक असलेला भुईकोट किल्ला, जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव. आणि गावाच्या नावाची गुरं, लाल कंधारी. शेजारच्या लातूरकडं देवणी. सांगा बरं, किती गावांच्या नावानं गुरांची जात ओळखली जाते?

यावर आपल्याकडचा उपाय ठरलेला: किल्ल्याला लाईट लावा, कमान उभारा, सेल्फी पॉइंट करा. इथंच माझं डोकं फिरतं. अहो, किल्ला हजार वर्षं उभाच आहे, तो कुठं पळत नाही. दावणीचा बैल मात्र चाललाय.

टेक्सासचीच गोष्ट नीट वाचा. शेकडो मैल गुरं हाकत नेणारा काऊबॉय जेमतेम वीसेक वर्षं टिकला. 1874 ला काटेरी तारेचं पेटंट झालं, माळरानांना कुंपणं पडली, रेल्वे आली, धंदा संपला. मग युरोपातल्या जातींशी संकर करून करून लाँगहॉर्नही संपत आला. शेवटी 1927 मध्ये अमेरिकी सरकारला पैसे मंजूर करून ओक्लाहोमात उरलीसुरली गुरं गोळा करावी लागली. म्हणजे फोटोतली ती मिरवणूक धंदा मेल्यानंतरची आहे.

आपल्याकडं धंदा अजून मेलेला नाही, आणि नेमकं तेच कुणाला दिसत नाही. लाल कंधारी ही मुळात कामाची जात. उन्हात राबते, थोडक्या चाऱ्यावर भागवते, दूध मात्र बेताचं. म्हणून तिची किंमत बैलात. ट्रॅक्टर आला, बैलाची गरज घटली; दुधासाठी जर्सी-होल्स्टीनचा संकर आला; 2015 च्या कायद्यानं थकलेला बैल खाटकाला विकायची वाटही बंद झाली. तोटा कुणाचा? सांभाळणाऱ्याचा. आणि आपण शहरात बसून देशी गाईचे फॉरवर्ड पाठवतो! फॉरवर्डनं कडबा येत नाही हो.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात जनावरांचा बाजार भरतो, पशुप्रदर्शनात लाल कंधारीही उभी असते. पण चार दिवसांच्या कौतुकावर जनावर वर्षभर जगत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कंधारच्या पर्यटनाला जो पैसा येईल, त्यातला पहिला वाटा जातिवंत वळू पाळणाऱ्याला द्या. गावोगावच्या जनावरांच्या दवाखान्यात लाल कंधारीच्या रेतनाची कांडी मागितली की मिळालीच पाहिजे. पाहुण्याला किल्ला दाखवून झाला की गोठ्यावर न्या आणि तिथं पैसे मोजायला लावा. गुराख्याला आधी मजुरी द्या, टोपी नंतर घाला.

कमान काय, कधीही बांधता येते. जात एकदा गेली की गेली.