कागदावरचा शेतकरी

मोबाइल वाजला. दोन हजार जमा. मी शुक्रवार पेठेत, माझ्या वह्या-पेनांच्या दुकानात, पंख्याखाली चहा पितोय आणि सरकारनं माझा सन्मान केलाय. शेतकरी म्हणून!

मोहोळ तालुक्यात माझं वडिलोपार्जित चार एकर रान आहे, एवढीच माझी शेतकी. वीस वर्षांत नखात माती गेलेली नाही. कांद्याची लागण कधी करतात, हे मी फोन करून विचारतो. विचारतो आप्पाला. रान तो करतो, निम्म्या वाट्यानं. रात्री लाइट आली की मोटर चालू करायला तो उठतो, विंचूकाट्यातनं दारं धरायला तो जातो. पण सातबारा माझा. म्हणून केंद्राचे वर्षाला सहा हजार माझे, आणि २०२३ला राज्यानं ‘नमो’चे आणखी सहा हजार जाहीर केले, तेही माझेच.

केंद्राची योजना २०१९ची. आयकर भरणारे, डॉक्टर, वकील, मोठे पेन्शनवाले वगळायला सरकारनं चाळणीवर चाळणी लावली. एकच विचारायचं राहिलं : बाबा रे, रानात राबतं कोण?

फेब्रुवारी २०२३ आठवा. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात दोन रुपयांचा चेक. देशभर बोभाटा झाला. मग सरकारनं क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केलं. आमचाही कांदा त्याच दिवसांतला. पिकवला आप्पानं, बाजारात नेला आप्पानं. पट्टी माझ्या नावची, पीकपाहणी माझ्या नावची, खातं माझं. पीकपाहणीचा फोटोही त्यानंच काढला. वाफ्यावर त्याची सावली पडलीय. सरकारदरबारी त्याची नोंद तेवढीच. पैसे आल्यावर मी त्याला निम्मे दिले, आणि तोंड असं केलं की जणू भूदान केलं.

आप्पाचं नाव कागदावर का नाही? कारण मी येऊ देत नाही. कुळकायदा १९४८चा. १ एप्रिल १९५७ला कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. त्या तारखेची धास्ती आम्हा मालकांच्या हाडात अजून आहे. म्हणून करार तोंडी, आणि जास्त वर्षं राहिला की वाटेकरी बदला. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणता म्हणता कसणाराच कागदावरून गायब झाला. त्या कोऱ्या जागेवर आम्ही हप्ते उचलतो. वर निवडणुकीच्या सभेत ‘बळीराजा’ म्हटलं की टाळ्याही आम्हीच वाजवतो.

उपाय नाही म्हणू नका. ओडिशानं ‘कालिया’ योजनेत वाटेकरी आणि भूमिहीनही घेतले. आंध्रानं २०१९ला कायदा करून कसणाऱ्याला ११ महिन्यांचं कार्ड दिलं, मालकीला धक्का न लावता. गोम एकच : त्या कार्डाला मालकाची संमती लागते. आणि मी सही देणार नाही, हे इथंच सांगून टाकतो. माझ्यासारखे शेकडो देणार नाहीत. म्हणून म्हणतो, गरिबाचा हक्क माझ्या सहीवर टांगू नका. गावात कोणाचं रान कोण करतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ग्रामसभेत विचारा, चावडीवर यादी लावा, पैसे राबणाऱ्याला द्या. मी बोंब मारीन. मारू द्या.

काल आप्पाचा फोन आला. “मालक, हप्ता पडला का? अठरा-शेहेचाळीस आणायचंय, तीन पोती.” खताचं पोतं १३५० रुपयांचं. खर्चही निम्मा निम्मा, म्हणजे दोघांच्या वाट्याला प्रत्येकी २०२५ रुपये. माझे दोन हजार सरकारनं भरले, माझ्या खिशातून गेले पंचवीस.

आप्पानं शेळी विकली.