व्यायाम देणाऱ्या हातांची काळजी कोण घेणार?

कोणतीही साथ आली की लोकांच्या तोंडी आधी डॉक्टरांचे नाव येते, मग नर्सबाईंचे. कोरोनाच्या काळात आशा सेविका, रुग्णवाहिकेचे चालक आणि सफाई कामगार यांचीही आठवण समाजाने ठेवली, हे योग्यच झाले. परंतु रुग्णाला हात लावल्याशिवाय ज्यांचे काम सुरूच होत नाही, अशी एक मंडळी या यादीतून बहुधा सुटली. ती म्हणजे फिजिओथेरपिस्ट. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्यांना कोणी ‘व्यायामाचे डॉक्टर’ म्हणते, तर कोणी ‘मालीशवाले’ म्हणून मोकळे होते. लकवा झालेल्या आजोबांचा हात हलवून घेणे, हाड जुळल्यावर आखडलेला गुडघा वाकवणे, छातीत साचलेला कफ रुग्णाकडून खोकून काढवणे, ही त्यांची कामे. आपल्या वस्त्यांतील मुली-मुलेही आता या शिक्षणाकडे वळत आहेत. म्हणून या कामातला धोका त्यांच्या आईवडिलांनी समजून घ्यावा, एवढ्याचसाठी आजचे हे सदर.

कोरोनाच्या दिवसांत ‘सहा फुटांचे अंतर ठेवा’ हा नियम घरोघरी पोचला होता. आता विचार करा, सहा फुटांवरून कोणी कोणाचा गुडघा वाकवू शकेल काय? बाधित माणसाच्या सहा फुटांच्या आत एकूण पंधरा मिनिटे घालवली तर तो निकटचा संपर्क समजावा, असे माप अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने घालून दिले होते. फिजिओथेरपिस्टची एका रुग्णाची बैठक अर्ध्या-पाऊण तासाची. रुग्णाचे तोंड आणि त्यांचे तोंड यांत वीतभर नाही तर हातभर अंतर. म्हणजे इतरांसाठी जो अपघाताने घडणारा संपर्क, तो यांच्यासाठी नित्याचे काम. दिवसाकाठी आठ रुग्ण पाहिले तर आठ निकटचे संपर्क झाले, हा हिशेब शाळेतले पोरही करील.

त्यातही व्यायाम म्हटला की श्वास वाढतो. स्वस्थ बसलेल्या माणसापेक्षा धापा टाकणारा माणूस जास्त हवा बाहेर सोडतो, आणि त्या हवेबरोबर अतिसूक्ष्म थेंबही सोडतो. बंद खोलीत हे थेंब लगेच खाली पडत नाहीत, हवेत तरंगत राहतात. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना मोठ्या थेंबांवर आणि हात धुण्यावरच भर देत होती. जुलै २०२० मध्ये दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कोठे हवेतून प्रसार होण्याची शक्यता संघटनेने विचारात घेतली. तोवर कितीतरी लोक साधा कापडी रुमाल बांधून आणि टेबल पुसून आपण सुरक्षित झालो असे समजत होते. हात धुणे आवश्यकच आहे, पण खिडकी उघडणे त्याहून कमी आवश्यक नाही, हा धडा फार उशिरा मिळाला.

मोठ्या इस्पितळातील कोरोना कक्षात धोका उघड होता. रुग्णाला पालथे झोपवणे, उठवून बसवणे, पहिली चार पावले चालवणे, नळीने कफ ओढताना मदत करणे, यांत फिजिओथेरपिस्ट असत. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्येच ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील फिजिओथेरपिस्टांनी यासाठी एक मार्गदर्शिका तयार केली. तिचा सारांश साधा होता. ज्या रुग्णाला खरोखर गरज आहे त्याच्याचजवळ जावे. नुसता कोरडा खोकला असेल तर छातीच्या व्यायामासाठी आत शिरू नये. रुग्ण खोकत असताना त्याच्या समोर उभे राहू नये, त्याला मान वळवायला सांगावे. कफ उडण्याचा संभव असेल तेथे घट्ट बसणारा एन-९५ मास्क, डोळ्यांवर आवरण, अंगावर झगा आणि हातमोजे हवेतच. या कक्षात जाणारा माणूस निदान तयारीने जात होता. मे महिन्याच्या वऱ्हाडी उन्हात तो अंगभर पोशाख घालून घामाने निथळत होता हे खरे, परंतु आपण कोठे चाललो आहोत हे त्याला ठाऊक होते.

आमच्या मते खरा धोका दुसरीकडे होता. जेथे रोग आहे हे कोणालाच ठाऊक नाही, तेथे. २८ मार्च २०२० रोजी बुलढाण्यात एका रुग्णाचा मृत्यू झाला, आणि त्याला कोरोना होता हे तपासणीच्या अहवालावरून मृत्यूनंतर कळले. टाळेबंदी लागून तेव्हा चार दिवसही झाले नव्हते. जिल्ह्याला ही पहिलीच शिकवण होती की रोग आधी येतो आणि त्याचे नाव मागाहून येते. पुढे हेही स्पष्ट झाले की ताप-खोकला सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. मग खामगाव, चिखली किंवा मेहकरला एका गाळ्यात दवाखाना चालवणाऱ्या फिजिओथेरपिस्टने समोरच्या रुग्णाकडे पाहून काय ओळखावे? तो आलेला असतो कंबरदुखीसाठी. दुचाकीवरून घरोघर जाऊन व्यायाम देणाऱ्या मुलीने काय करावे? लकवा झालेल्या आजीच्या खोलीला एकच खिडकी, तीही बंद, आणि ‘ताई कसा व्यायाम देते’ ते पाहायला दारात घरची पाच माणसे उभी.

आरोग्य कर्मचाऱ्यांना लस मिळू लागली १६ जानेवारी २०२१ पासून. म्हणजे जवळजवळ दहा महिने मास्क आणि मोकळी हवा याखेरीज दुसरी ढाल नव्हती. आणि लगेच फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्या अमरावती विभागात दुसरी लाट राज्यात इतरांच्या आधी उसळली.

घरी बसावे म्हटले तर तेही सोपे नव्हते. इस्पितळात पगारी असलेल्याला निदान महिन्याचा पगार होता. बैठकीमागे पैसे घेणाऱ्याने दवाखाना बंद ठेवला की चूल अडते. शिवाय रुग्णाचेही नुकसान होते. लकव्यानंतरचे पहिले काही महिने हात-पाय पुन्हा कामास लावण्याच्या दृष्टीने मोलाचे असतात. त्या काळात व्यायाम बंद पडला तर सांधे आखडतात, खांदा धरतो, आणि मागाहून दुप्पट मेहनत करूनही पूर्वीसारखे होईलच असे नाही. तेव्हा ‘साथ आहे, घरी बसा’ एवढे सांगून हा प्रश्न सुटत नाही. काम चालू राहिले पाहिजे आणि करणाराही शाबूत राहिला पाहिजे.

आता संरक्षणाचे पाहू. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने कोरोनाशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाख रुपयांचे विमा संरक्षण जाहीर केले. ते सरकारी सेवेतील लोकांना आणि कोरोनाच्या कामासाठी सरकारने ज्यांची सेवा घेतली अशा खाजगी लोकांना होते. मग ज्याने आपल्या गाळ्यात किंवा रुग्णाच्या घरी सेवा चालू ठेवली, त्याचे काय? नवी मुंबईतील एका खाजगी डॉक्टरांच्या पत्नीचा दावा याच मुद्द्यावर अडला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो नाकारला. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्या काळात कायद्याने आणि सरकारी आदेशांनी डॉक्टरांची सेवा मागितलीच गेली होती, असा निर्णय दिला. मात्र मृत्यू कोरोनाचे काम करतानाच झाला हे ज्याच्या त्याच्या पुराव्याने ठरावे, असेही सांगितले. आदेश होते डॉक्टरांच्या दवाखान्यांविषयी, आणि निवाडाही डॉक्टरांविषयीचा आहे. त्यात फिजिओथेरपिस्ट कोठे बसतो हे पुन्हा एखाद्या घरच्या बाईने पाच वर्षे न्यायालयात फिरून विचारायचे काय? मार्च २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि फिजिओथेरपीला त्यात स्थान मिळाले. कायद्यात नाव आले, आता पुढच्या साथीच्या विम्यातही ते आधीच यावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

आमच्या वाचकांना हे सांगावयास नको की रुग्णसेवा करताना सेवकालाच रोग गाठतो, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महार वस्तीतील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरला डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या काळात त्या मुलाला हात लावायला निरोगीपणीही कोणी तयार नव्हते, त्या काळात त्यांनी आजारपणात पाठीवर घेतले. या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु दरवर्षी १० मार्चला हार घालून, आजच्या सेविकेनेही तसेच मरावे अशी अपेक्षा ठेवणे याला कृतज्ञता म्हणत नाहीत. तेव्हा मास्क नव्हता, लस हाताशी नव्हती. आज दोन्ही आहेत. आज जो सेवक निव्वळ दुर्लक्षामुळे आजारी पडतो, त्याचा दोष दैवाचा नसून व्यवस्थेचा आहे.

तेव्हा काय करावे? ज्यांच्या घरी मुलगी किंवा मुलगा फिजिओथेरपिस्ट आहे, त्यांच्यासाठी आधी. नोकरी लागली की पगार किती हे विचारतोच, त्याबरोबर मास्क कोण देणार, आजारी पडल्यास पगारी रजा मिळणार काय, नेमणुकीचे पत्र लेखी आहे काय, हेही विचारा. विम्याच्या दाव्याच्या वेळी तोंडी नोकरीचा पुरावा कोठून आणणार? हिपॅटायटिस बी ची लस शिकत असतानाच पूर्ण करून घ्यावी. मास्क नाकावर आणि गालांवर घट्ट बसला पाहिजे. दाढीवरून बसवलेला एन-९५ कडेने हवा आत घेतो. साथीच्या दिवसांत कामावरून आल्यावर कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच लेकराला घ्यावे. घर दोन खोल्यांचे असेल तर वेगळी खोली कोठून आणणार, हे आम्ही जाणतो. निदान आजी-आजोबांच्या उशाशी खिडकी उघडी असावी आणि खोकला सुरू होताच घरातही मास्क लावावा.

ज्यांच्या घरी रुग्ण आहे, त्यांच्यासाठी दुसरे. घरात कोणाला ताप-खोकला असेल तर ताईंना यायच्या आधी फोन करून सांगा. ‘सांगितले तर येणार नाहीत’ म्हणून लपवणे हा सरळ अन्याय आहे, कारण तुमच्या घरून त्या पुढे आणखी चार आजाऱ्यांच्या घरी जाणार असतात. व्यायामाच्या वेळी खिडक्या-दारे उघडा, पंखा लावा, मदतीला एकच माणूस थांबा. रोजचे सोपे व्यायाम शिकून घ्या, म्हणजे चार दिवस त्या आल्या नाहीत तरी हात आखडणार नाही. आणि साथीमुळे बैठक बुडली तर शक्य तेवढे पैसे द्या.

तिसरे सर्वांसाठी. कोरोना ओसरला तरी क्षयरोग आपल्यातून गेलेला नाही, आणि तोही हवेतूनच पसरतो. दोन आठवड्यांहून जुना खोकला घेऊन कंबरेच्या व्यायामाला जाण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी मोफत आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. जिल्ह्यात आता डॉक्टर घडतील, ही आनंदाची गोष्ट आहे. तेथे आणि तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात व्यायामाची खोली कोठल्या तरी कोपऱ्यात, बिनखिडकीची नसावी. तेथील कर्मचाऱ्यांना मास्क मागून घ्यावा लागू नये. आणि कंत्राटी माणसाचेही नाव विम्याच्या यादीत असावे. रुग्ण कल्याण समितीत आपल्यापैकी जे कोणी असतील, त्यांनी पुढच्याच बैठकीत हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तरही लेखी घ्यावे.