दिलेलं नको, घेतलेलं चालेल

गेल्या मार्चमध्ये पुण्यातल्या एका कॉलेजच्या महिला विकास कक्षाने मला परीक्षक म्हणून बोलावलं. आठ मार्चचा कार्यक्रम, म्हणजे पोस्टर नाहीतर पथनाट्य असेल, अशा समजुतीने मी गेले. तिथे होती वेशभूषेची स्पर्धा. विषय जुने कपडे. पडद्यावर ‘थ्रिफ्ट’ असं भल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. आजोबांचा कोट आणि आईच्या पैठणीचा घागरा घातलेल्या मुलीला पहिला नंबर मिळाला. वर्षभर एकही नवा कपडा घेतला नाही, असं तिने माइकवर सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मुलगी मनापासून बोलत होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आमच्या शनिवारच्या अभ्यासगटाला येणारी एक मुलगी याच कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. (नाव लिहू नका असं तिने सांगितलंय. बाकीचं लिहायला तिची हरकत नाही.) तिच्या अंगावर त्या दिवशीही जुन्या बाजारातून आणलेला निळा शर्ट होता. जिन्यात भेटली तेव्हा मी सहज विचारलं, “तू का नाही भाग घेतलास?”

“ताई, तो त्यांचा वेश आहे. माझे कपडेच आहेत ते.”

हे वाक्य घेऊन मी घरी आले आणि तेव्हापासून भांडते आहे. थोडं त्या कॉलेजशी, थोडं आपल्या चळवळीशी आणि बरंचसं स्वतःशी.

ही मुलगी हिंगोली जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीला जायचे, आता आई गावातच शिवणकाम करते. पुण्यात तिने कॉटवर जागा घेतली आहे. एका खोलीत सहा मुली, सहा कॉट आणि एक मोरी. पाणी सकाळी साडेपाचला येतं, म्हणून उठायचं पाचला. कॉटचे अडीच हजार, मेसचे तीन हजार. शिष्यवृत्ती जमा होते ती वर्ष सरता सरता. दुपारनंतर ती एका झेरॉक्सच्या दुकानात चार तास काम करते. सगळं भागवून कपड्यांसाठी महिन्याला दीडशे-दोनशे रुपये उरले तर उरतात.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. ती महिन्यातून एकदा तिथे जाते. मी दोनदा तिच्याबरोबर गेले, आणि मला जे दिसलं ते त्या स्टेजवर दिसलं नव्हतं. ती आधी कपडा उलटा करते. काखेची शिवण बघते, कारण घामाने कापड पहिलं तिथे विरतं. चेन दोनदा खालीवर करते. पायपट्टीत आत किती माया आहे ते चाचपते, म्हणजे उंची वाढवता येईल का ते कळतं. मग उन्हाकडे धरून बघते. बगलेत टाके गेले होते ते दाखवून तिने एक शर्ट सत्तरचा चाळीसला मागितला आणि पन्नासला घेतला. विकणाऱ्या मावशी हसून म्हणाल्या, “तू तर आमच्यातलीच.” ती पण हसली. घरी नेल्यावर कपडा उकळत्या पाण्यात, मग उन्हात, आणि रात्री हातशिलाई.

तिला पुरुषांचे शर्टच आवडतात. कारण विचारलं तर म्हणाली, “खिसा असतो. फोन, पास, पैसे, सगळं अंगावर राहतं. पर्स सांभाळायला एक हात जातो.” बाह्या ती कोपरावर दोन घड्या घालून टाचते. कॉलर विरली की उसवून उलटी लावते, आजी तशीच करायची म्हणे. तपकिरी आणि राखाडी रंग ती हातात धरत नाही. “गरिबाचे रंग, ताई.” तिच्याकडे सात शर्ट आहेत आणि कुठल्या दिवशी कुठला, हे तिचं ठरलेलं असतं. वर्गात ती छान दिसते, आणि हे तिला माहीत आहे.

आता भांडण. पहिलं आपल्याशीच.

आपण ‘चंगळवाद’ हा शब्द वापरत आलो. जागतिकीकरणाच्या बाजाराने बाईच्या अंगाची जाहिरात केली, तेव्हा तो वापरणं गरजेचंच होतं. पण त्याच शब्दाने आपण गरीब मुलीच्या आवडीनिवडीवरही पांघरूण घातलं. तिने शिकावं, संघटनेत यावं, मोर्चात घोषणा द्याव्या. रंग निवडायचा विचार तिच्या मनात आला की आपल्या कपाळावर आठी. एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्हाला वस्तीत फील्डवर्कला जाण्याआधी सांगितलं जायचं, साधे कपडे घालून जा. वस्तीतल्या पोरी मात्र आम्ही येणार म्हणून पावडर लावून, धुवट का होईना, इस्त्रीचा ड्रेस घालून बसायच्या. आमचं साधेपण त्यांना अपमानासारखं वाटत असेल, हे तेव्हा कुणीच सुचवलं नाही. आणि आपलं साधेपण साधं तरी कुठे आहे? हातमागाची साडी, ऑक्साइडचं कानातलं, खादीची झोळी. एकदा गटात तिने मला विचारलं, “ताई, ही साडी केवढ्याची?” मी खरी किंमत सांगितली. त्यात तिचे वर्षाचे कपडे आले असते. विणकराला दाम मिळावा म्हणून मी ती घेते आणि पुढेही घेईन. पण माझ्या साडीला ‘भूमिका’ म्हणायचं आणि तिच्या निळ्या शर्टाला ‘हौस’, हे चालणार नाही.

दुसरं भांडण त्या स्टेजशी. जुना कपडा घालणं म्हणजे पर्यावरणाची सेवा, म्हणजे बाजाराला नकार, असं सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही असं नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळून ११०० हून जास्त माणसं मेली आणि त्यांत बहुसंख्य कपडे शिवणाऱ्या बायका होत्या. हे माहीत असलेल्या मुलीला स्वस्त नवा टॉप घालताना बोचत असेल, तर तिची बोच खरी आहे. पण आपल्या देशात जुन्या कपड्याला दुसराही इतिहास आहे आणि तो बाजूला सारून टाळ्या वाजवता येत नाहीत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रं वापरावीत असं लिहिलं आहे. गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. सणावाराला वाड्यातून दिली जाणारी जुनेरं हे त्याचंच सौम्य रूप. अंगावर काय असावं, हे दुसऱ्याने ठरवायचं.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेत डॉ. आंबेडकर बायकांशी मुद्दाम कपड्यांबद्दल बोलले. जातीची खूण सांगणारी नेसण सोडा, अंगावरचे जाडजूड दागिने सोडा, स्वच्छ राहा, असं त्यांचं सांगणं होतं. बायकांनी लगेच नेसण बदलली. एवढ्या मोठ्या लढ्यात लुगड्याच्या लांबीची चर्चा कशाला, असं आज एखाद्या पुरुष कार्यकर्त्याने म्हटलं असतं. त्या बायकांना तसं वाटलं नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये या चळवळीतल्या बायकांचं काम नोंदवून ठेवलंय, आपल्या गटांतल्या नव्या मुलींनी ते वाचायला हवं.

या मुलीची आजी त्याच शिकवणीतली. पाटलाच्या सुनेने दिलेला जवळजवळ नवा फ्रॉक आजीने परत पाठवला होता आणि नात दिवसभर रडली होती. मी तिला विचारलं, मग जुन्या बाजारातलं आजीला कसं चालतं? तिने जरा विचार केला. “आजी म्हणते, दिलेलं नको, घेतलेलं चालेल. तिथं मी भाव करते ना. नाही पटला तर उठून जाते.”

सगळा मुद्दा इथे आहे. कपडा जुना की नवा हा प्रश्नच नव्हे. घेणारीला नाही म्हणता येतं का, हा प्रश्न आहे. दान घेणारीला ते म्हणता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा मी महिनाभर शिरोळ तालुक्यात होते. शहरांतून कपड्यांची गाठोडी येत होती. नाडी नसलेले परकर, एकाच पायाचा मोजा, लग्नातले जरीचे ब्लाऊज, दात तुटलेल्या चेनच्या पँटी. चिखल उपसून दमलेल्या बायका ढिगात हात घालायला तयार नव्हत्या, तर गाठोडी आणणारे म्हणाले, “गरज नाही वाटतं यांना.” २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूतही असेच देणगीतल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. त्या बायकांना हव्या होत्या नव्या चड्ड्या, नव्या ब्रा आणि पॅड. सगळ्या गाठोड्यांत मिळून एक नवी चड्डी सापडली नाही. जुन्या बाजाराच्या कौतुकातही हा भाग वगळलेला असतो. आतले कपडे जुने घेता येत नाहीत. आमच्या मुलीचा सगळ्यात मोठा कपडेखर्च तोच आहे. आणि ते वाळत घालायला कॉटवाल्यांची दोरी चालत नाही, ‘बरं दिसत नाही’ म्हणून. सहाजणींचे आतले कपडे ओलसर खोलीत टॉवेलखाली वाळतात. पावसाळ्यात तिघींना खाज सुटली होती, दवाखान्यात त्यांना मीच घेऊन गेले. कुठल्या वेशभूषा स्पर्धेत मांडणार हे?

आणि हे कपडे बाजारात येतात कुठून? आपल्याच दारातून. भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन येणारी बोहारीण आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. तीन साड्या आणि दोन पँटींवर एक पातेलं, त्यावर अर्धा तास घासाघीस, आणि ती गेल्यावर “फार लबाड असतात या” हे ठरलेलं वाक्य. पुढे ती काय करते हे आपण विचारत नाही. निवडणं, धुणं, डाग काढणं, बटणं लावणं, रफू, इस्त्री, आणि मग पहाटेच्या बाजारात बसणं. यातली बरीच कामं घरातल्या बायका-मुलींच्या हातची, म्हणजे हिशेबात न धरलेली. अहमदाबादच्या ‘सेवा’ची नोंदणी १९७२ ची, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांमध्ये जुने कपडे विकणाऱ्या बायका होत्या. पुण्यात कचरावेचक बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. बोहारणीला आपण आजवर किती वेळा बैठकीला बोलावलं? आता तर त्याच बाजारातून साठ रुपयांना उचललेला शर्ट फोनवर फोटो टाकून पाचशेला विकला जातो, ‘निवडक संग्रह’ म्हणून. निवड कुणी केली? जिने पहाटे चारला ढिगातून तो वेगळा काढला, तिला साठच मिळाले.

ही साखळी आपल्यापुरतीच नाही. श्रीमंत देशांनी टाकलेले लोकरी कपडे पानिपतला येतात, कापले जातात आणि त्यांच्या धाग्यांची स्वस्त ब्लँकेटं होतात. घानाची राजधानी आक्रामध्ये कांटामांटो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. तिथे उत्तरेकडून आलेल्या गरीब मुली पन्नास किलोंहून जड गठ्ठे डोक्यावर वाहतात. अशा कपड्यांना तिथल्या भाषेत ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ म्हणतात. कारण जिवंत माणूस इतकं चांगलं टाकून कसा देईल! हे मी गटात सांगितलं तेव्हा आमची मुलगी म्हणाली, “म्हणजे तिकडेही मढ्यावरचंच.”

आणखी एक विरोधाभास सांगते. २०२४ मध्ये मुंबईतल्या एका कॉलेजने हिजाब आणि टोपीबरोबर फाटक्या जीन्सवरही बंदी घातली. हिजाब-टोपीवरच्या बंदीला सुप्रीम कोर्टाने त्या ऑगस्टमध्ये अंतरिम स्थगिती दिली, ते योग्यच झालं. पण ज्या जीन्सची चर्चा झाली ती विकत घेतानाच फाटकी असते. खरोखर विरून फाटलेल्या कपड्यात आलेल्या मुलीला फाटकापाशी थांबवलं, तर तिने काय सांगायचं? आमच्या मुलीच्या वर्गशिक्षिकेने एकदा तिला बाजूला घेऊन ‘मुलीसारखे कपडे’ घालायचा सल्ला दिला, वर आपल्या भाचीचे दोन ड्रेस देऊ केले. तिने नको म्हटलं. बाईंना तो उद्धटपणा वाटला आणि तोंडी परीक्षेपर्यंत तो त्यांच्या लक्षात राहिला.

आमच्या संस्थेच्या दारात एक पेटी आहे. तिच्यावर लिहिलंय ‘गरजू मुलींसाठी कपडे’. ती ठेवली तेव्हा मीच रंगवली होती. एप्रिलच्या बैठकीत मी ती काढायचा ठराव मांडला. त्याऐवजी आलेले कपडे धुऊन, दुरुस्त करून, दहा-वीस रुपयांना मांडावेत. ज्या मुली दुरुस्त करतील त्यांना तासाचे पैसे द्यावेत. जमलेल्या रकमेतून आतले नवे कपडे घाऊक आणून विकत घेतलेल्या भावाने द्यावेत. आणि गच्चीवर सगळ्यांना वापरता येईल अशी एक दोरी बांधावी. दोघींनी विरोध केला. गरिबांकडून पैसे घ्यायचे का, असा त्यांचा सवाल. तो प्रामाणिक आहे, आणि दहा रुपयेही नसलेल्या मुलीचं काय, याला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही. उधारीची वही ठेवावी असं आमच्या मुलीचं म्हणणं आहे.

दोरी बांधून झाली. शिवणयंत्र एकीने आपलं आणून दिलंय, त्याची बॉबिन मधेच अडकते. पेटी अजून दारात आहे आणि तिचा विषय जुलैच्या बैठकीत पुन्हा आहे.