नाही, येतोय!

मागच्या दिवाळीत आईचा मेसेज आला, ‘सुट्टी रद्द झाली का?’ मी मीटिंगमध्ये होतो. टेबलाखाली फोन धरून घाईघाईत टाइप केलं, ‘नाही येतोय’. दुसऱ्या दिवशी विदर्भ एक्स्प्रेसनं गोंदियाला पोचलो, तर घरात चकल्यांचा पत्ताच नाही! आईनं वाचलं होतं, पोरगा येत नाहीये. मी एक कॉमा खाल्ला आणि माउली रात्रभर हिरमुसून बसली.

शेजारच्या दादींना हा किस्सा सांगितला, तर त्या पोट धरून हसल्या. मग त्यांनी आपली कुराणाची प्रत उघडली आणि ओळींवरची चिमुकली अक्षरं दाखवली. ‘मीम’ असेल तर थांबायचंच. ‘ला’ म्हणजे थांबू नकोस. ‘जीम’ म्हणजे थांब नाहीतर पुढे जा, तुझी मर्जी. बॉस, हे तर चक्क सिग्नल!

मग मी वाचतच सुटलो. थांब्यांची ही पद्धत १२व्या शतकातल्या सजावंदी नावाच्या विद्वानाची. त्याच्या कितीतरी आधीच्या, अगदी सुरुवातीच्या हस्तलिखितांत तर अक्षरांचे नुक्तेही क्वचितच. त्यामुळे शब्दात ‘ब’, ‘त’, ‘न’ सारखेच दिसायचे. अरबी ज्यांची मायबोली नव्हती, त्यांची पंचाईतच. म्हणून पुढे स्वरांसाठी लाल ठिपके आले. दर दहा आयतींनंतर सोनेरी फुलं उमलली.

मला सगळ्यात आवडलं ते हदीसच्या हस्तलिखितांतलं. एक हदीस संपली की छोटंसं वर्तुळ काढायचं. नक्कल मूळ प्रतीशी ताडून पाहिली, की त्या वर्तुळात टिंब द्यायचं. वर्तुळ रिकामं म्हणजे तपासणी बाकी!

आणि आपण? जुने मोडी कागद बघा. विरामचिन्हं जवळपास नाहीतच, दोन शब्दांत जागाही नाही. मराठीत विरामचिन्हं रुजवली ती १९व्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रजानं.

खरं तर ही चिन्हं लिहिणाऱ्यासाठी नसतातच. त्याला सगळं ठाऊकच असतं. ती असतात दूर, एकट्यानं वाचणाऱ्या माणसासाठी.

यंदा आईला मेसेज लिहिला, पाठवण्याआधी पुन्हा वाचला, मनातल्या मनात टिंब दिलं. ‘हो, येतोय.’

लगेच उत्तर आलं, ‘भाजणी दळून आणलीय.’